पिनबॉल यंत्रातील रिले : सफाई व जुळणी

गिऱ्हाईकाने रक्कम दिली, पेटीत नाण्यांचा खळखळाटही झाला, पण रोजमेळात नोंद चढली नाही, तर काय होते हे आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. जुन्या पिनबॉल यंत्रात नेमका असाच दोष आढळतो. काचेखालच्या उतरत्या पाटावर पोलादी गोळी आदळते, घंटा वाजते, परंतु गुण मांडले जात नाहीत. असे झाले की मालक सारे यंत्रच उकलून बसतो. आणि आमच्या मते खरा बिघाड तेथूनच सुरू होतो.

ही यंत्रे मुख्यत्वे अमेरिकेत, शिकागो शहरी गॉटलीब, बॅली व विल्यम्स यांच्या कारखान्यांत तयार होत. १९४७ साली गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात गोळी परतविणारे फ्लिपर प्रथम आले. पुढे सुमारे तीस वर्षे या यंत्रांचा हिशेब रिले राखीत. १९७०-८० या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक मंडलांनी त्यांची जागा घेतली.

रिले म्हणजे तारेचे वेटोळे, त्याकडे ओढली जाणारी लोखंडी पट्टी आणि तिच्यामुळे हलणाऱ्या पात्यांच्या जोड्या. प्रत्येक जोडीचे काम निराळे. एक जोडी रिलेला ओढलेल्या स्थितीत धरून ठेवते, दुसरी घंटा वाजविते, तिसरी गुणांचे चक्र एक घर पुढे सरकविते. घंटा वाजली, याचा अर्थ रिले ओढला गेला. मग वेटोळ्यास बोल न लावता चक्राकडे जाणारी जोडी आधी पाहावी. जी जोडी नीट चालते तिला हात लावू नये.

काम करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. केवळ कळ बंद करून भागत नाही.

पात्यांच्या टोकांवर बहुधा चांदीचे ठिपके असतात. हवेतील गंधकाने चांदी काळवंडते, आणि घासावी तितकी ती झिजते, हे सराफांस कोणी शिकवावे? म्हणून पॉलिश कागद वापरू नये. त्याचे कण मऊ चांदीत रुतून बसतात. जाड, स्वच्छ कागदाची पट्टी दोन ठिपक्यांमध्ये धरून पाती हलकेच दाबावीत व पट्टी ओढून घ्यावी. तेवढ्याने न भागल्यास अतिबारीक कानस एकदोनदा फिरवावी. फ्लिपरसारख्या जड प्रवाहाच्या जागी टंगस्टनचे ठिपके असतात. ते कठीण असल्याने तेथे कानस लागतेच. तेल मात्र कोठेही घालू नये. त्यावर धूळ चिकटते.

जुळणीपूर्वी पात्यांच्या थराचे स्क्रू घट्ट करावेत. मधल्या निरोधक चकत्या वर्षानुवर्षांत आकसतात, आणि सैल थरावर केलेली जुळणी दुसऱ्याच दिवशी बिघडते. नंतर खाचेच्या सळईने पाते वाकवावे, तेही टोकाशी नव्हे, थराच्या जवळ; आणि होता होईल तो लांब हलते पाते सोडून आखूड, स्थिर पाते. उघड्या जोडीत १/३२ ते १/१६ इंच अंतर पुरे. ठिपके टेकल्यावरही दोन्ही पाती किंचित पुढे सरकली पाहिजेत, कारण त्या घासण्यानेच ठिपके आपोआप स्वच्छ राहतात.

शेवटी, प्लग लावण्यापूर्वी, लोखंडी पट्टी बोटाने दाबून प्रत्येक जोडी मिटते व उघडते ना हे पाहावे. मगच वीज सोडावी आणि शून्यापासून एक पुरा डाव खेळावा, घंटेचे ठोके व चढलेले गुण ताडून पाहत.