शिक्का मुलावर, दोष प्रश्नात

गणितातली सर्जनशीलता मुलात शोधायची की त्याच्यासमोर ठेवलेल्या प्रश्नात, हा वाद आता ऐंशीहून अधिक वर्षांचा झाला. त्याचा मागोवा 1942 पासून घ्यावा लागतो. त्या वर्षी अब्राहम लचिन्स यांनी पाण्याच्या भांड्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. 21, 127 आणि 3 मापांची तीन भांडी. नेमकं 100 मापं पाणी मोजून द्यायचं. मोठं भांडं भरायचं, त्यातून 21 चं एकदा आणि 3 चं दोनदा भरून काढायचं. याच रीतीने सुटणारी काही उदाहरणं झाली की पुढचं येई : भांडी 23, 49 आणि 3 मापांची, पाणी हवं 20. इथे 23 मधून 3 काढले की काम झालं. पण बहुतेक जण, मुलं आणि मोठी माणसंही, 49 चं भांडं भरून तोच लांबचा फेरा घेत. ज्यांना आधीची उदाहरणं दिलीच नव्हती, त्यांना मात्र जवळची वाट सहज दिसे. म्हणजे हे झापड स्वभावातलं नव्हतं. उदाहरणांच्या रांगेने ते चढवलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांतले कितीतरी सरावसंच अशाच रांगेचे असतात.

पुढे संशोधनाची नजर मुलांकडेच अधिक वळली. अमेरिकेत हर्मन विट्किन आणि जेरोम केगन यांनी विचारशैलींचे भेद मांडले. मला त्या काळातलं सर्वांत कसदार काम वाटतं ते सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांचं, 1968 सालचं. काही मुलं तर्काच्या अंगाने विचार करतात, काही चित्राच्या, काही दोन्हींचा मेळ घालतात, असं त्यांनी दाखवलं. आणि गणितात उत्तम गती असलेली मुलं या तिन्ही गटांत सापडतात, हेही. शाळांपर्यंत पहिली गोष्ट पोचली, दुसरी वाटेतच गळाली. मग ‘हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी वाटणी रूढ झाली. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावे तपासले, तेव्हा शैलीप्रमाणे वेगळं शिकवल्याने अधिक शिकणं होतं, याला पुरेसा आधार मिळाला नाही.

यावर कुणी म्हणेल, मुलं सारखी नसतातच. खरंच आहे. पण म्हणूनच एका प्रश्नात अनेक वाटांना जागा हवी. चित्र काढणाऱ्या मुलीला तर्कापासून दूर ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाढे पक्के नसतील तर कसली सर्जनशीलता? सराव हवाच, पण सराव म्हणजे एकच साचा गिरवणं नव्हे. जपानमध्ये शिगेरु शिमादा यांच्या गटाने 1970 च्या दशकात अनेक बरोबर उत्तरं असलेले प्रश्न नेहमीच्या वर्गात आणले, तेही गणिताचा आशय न सोडता. आपल्याकडे ‘लांबी 8, रुंदी 3, क्षेत्रफळ काढा’ असं विचारतात. त्याऐवजी ‘क्षेत्रफळ 24 असलेले आयत शोधा, कोणाची परिमिती सर्वांत कमी?’ असं विचारून पाहावं. वर्गात साठ मुलं असली तरी यासाठी वेगळं साहित्य लागत नाही. 24 चे अवयव पाडताना पाढ्यांची उजळणी होतेच. 4 आणि 6 बाजूंच्या आयताची परिमिती 20 येते, आणि बाजू पूर्ण संख्याच का असाव्यात, असं एखाद्या मुलीने विचारलं की ती 4.8 आणि 5 घेऊन 19.6 वर येते.