जिताड्याचे वय आणि वाढ

रायगडच्या खाड्यांत मानाचा समजला जाणारा जिताडा सिंगापूरच्या जोहोर सामुद्रधुनीतही आढळतो आणि तेथील तरंगत्या पिंजऱ्यांत तो पाळलाही जातो. हा मासा आरंभी नर असतो व साधारणतः सहा ते आठ वर्षांचा होताना मादीत रूपांतरित होतो. त्यामुळे मोठे मासे बहुधा माद्याच असतात, आणि मोठ्यांचीच मासेमारी सतत होत राहिली तर अंडी देणाऱ्या माशांची संख्या सर्वांत आधी घटते. ही घट वेळीच कळावी म्हणून अभ्यासक कर्णाश्म, म्हणजे माशाच्या अंतर्कर्णातील चुनखडीचा लहान खडा, मध्यातून कापून घासून पातळ करतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील वलये मोजतात. वाढ मंदावते त्या काळात ही वलये दाट होतात. परंतु विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरील सिंगापुरात पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नसल्याने ती ओळखणे कठीण जाते, आणि केवळ लांबीवरून वय ठरवणे तर त्याहून अविश्वसनीय ठरते.

मासे पाळण्याच्या कामासाठी सिंगापूरच्या सेंट जॉन्स बेटावर २००३ मध्ये सागरी मत्स्यसंवर्धन केंद्र सुरू झाले. टेमासेक लाइफ सायन्सेस लॅबोरेटरीच्या संशोधकांनी जलद वाढणाऱ्या माशांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्याचे काम हाती घेतले, आणि २०१६ मध्ये जिताड्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. ताटात येणारा अर्ध्या किलोच्या आसपासचा पाळीव जिताडा मात्र मादी होण्याच्या वयापर्यंत पोहोचलेला नसतो.