बेकारी भत्ता आणि लपवलेली रोख मजुरी

बेकारी भत्ता चालू असताना मिळालेले काम सरकारी कार्यालयाला न कळवता करायचे आणि त्याची मजुरी रोख घ्यायची, या प्रकाराला जर्मनीत ‘श्वार्त्सआर्बाइट’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘काळे काम’. मराठीतल्या काळ्या पैशाला जो रंग आहे, तोच या कामाला आहे. कर बुडवणे आणि सामाजिक विम्याचे हप्ते चुकवणे हेही काळ्या कामातच मोडते. भत्ता घेणाऱ्याने कमाई दडवली, तर तेही काळे काम ठरते, असे ऑगस्ट २००४ पासून लागू असलेल्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. घराची रंगरंगोटी, फरशी बसवणे, हॉटेलात भांडी घासणे, इमारतींची साफसफाई ही अशा कामाची नेहमीची उदाहरणे. शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला नफ्याचा हेतू न ठेवता केलेली मदत मात्र या व्याख्येतून वगळलेली आहे.

हा भत्ता म्हणजे मुळात विमा आहे. जर्मनीत बेकारी विम्याचा कायदा १९२७ मध्ये झाला. आज पगाराच्या २.६ टक्के रक्कम या विम्यासाठी जाते. निम्मी कामगाराच्या पगारातून, निम्मी मालकाकडून. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असतील, तर नोकरी गेल्यावर आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के आणि मूल असल्यास ६७ टक्के रक्कम मिळते. पन्नाशीच्या आतल्या माणसाला ती जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. वय वाढेल तशी मुदत वाढते आणि ५८ वर्षांनंतर ती दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. विम्याचा हक्क नसलेल्या किंवा संपलेल्या गरजूंसाठी करांच्या पैशातून निर्वाह भत्ता दिला जातो. २०२३ मध्ये त्याला ‘ब्युर्गरगेल्ड’ हे नाव मिळाले. २०२५ मध्ये एकट्या प्रौढ व्यक्तीसाठी तो महिना ५६३ युरो होता, घरभाडे वेगळे.

भत्ता घेताना काम करायला कायद्याची बंदी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विम्याचा भत्ता घेणाऱ्याला आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करता येते. एकाहून जास्त कामे असतील, तर त्यांचे तास एकत्र मोजतात. तास १५ किंवा त्याहून अधिक झाले, की तो माणूस कायद्याने बेकार राहत नाही आणि भत्ता थांबतो. कमाईतले महिना १६५ युरो त्याच्याकडेच राहतात. त्यावरची रक्कम भत्त्यातून वजा होते. अट एकच: काम आणि कमाई वेळेवर कळवली पाहिजे.

लपवण्याचा मोह या वजाबाकीतूनच निर्माण होतो. विम्याचा भत्ता घेणाऱ्याने महिन्याला ४०० युरो कमावले, तर २३५ युरो भत्त्यातून कापले जातात. निर्वाह भत्त्यात पहिले १०० युरो माफ असतात आणि त्यापुढे ५२० युरोपर्यंतच्या कमाईतले केवळ २० टक्के हाती राहतात. म्हणजे ५२० युरोच्या मेहनतीतून पदरात पडतात १८४ युरो. त्यात कर्ज थकलेले असेल आणि मालकच ‘रोख देतो, कागद नको’ म्हणत असेल, तर पाय घसरतो. मालकाचाही यात स्वार्थ असतो: त्याचे विम्याचे हप्ते वाचतात आणि तक्रार करण्याची सोय नसलेला मजूर त्याला मिळतो.

या कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सीमाशुल्क खात्याच्या एका खास शाखेकडे आहे. तिचे अधिकारी बांधकामावर, हॉटेलांत, मालवाहतुकीच्या तळांवर पूर्वसूचना न देता जातात आणि कामगारांची ओळखपत्रे तपासतात. अशा व्यवसायांत नव्या कामगाराची नोंद उशिरात उशिरा काम सुरू होतानाच करणे २००९ पासून मालकावर बंधनकारक आहे. मालकांनी केलेल्या नोंदी भत्ता घेणाऱ्यांच्या यादीशी संगणकावर ताडून पाहिल्या जातात. त्यामुळे मालकाने नोंदवलेले पण कामगाराने न कळवलेले काम या तपासणीत उघडे पडते. निव्वळ रोखीचे काम बहुधा छाप्यात किंवा कोणाच्या तक्रारीवरून सापडते.

सापडल्यावर जादा मिळालेला भत्ता परत करावा लागतो. काम न कळवल्याबद्दल ५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. जाणूनबुजून फसवणूक केल्याचे सिद्ध झाले, तर दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षेची तरतूद आहे. कामगाराचे हप्ते बुडवणाऱ्या मालकालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिक्षा टळली तरी नुकसान टळत नाही. अशा मजुरीवर निवृत्तिवेतनाचा हप्ता जमा होत नाही आणि पुढच्या बेकारी भत्त्याचा हक्कही वाढत नाही. बिलाविना घेतलेल्या ठेक्याच्या कामाला तर न्यायालयाचा आधारही उरत नाही. २०१३ मध्ये कार्ल्सरूऽ येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे घरापुढच्या रस्त्याच्या फरसबंदीचा खटला आला. काम १,८०० युरो रोख देऊन, बिल न करता झाले होते आणि ते सदोष निघाले. करार मुळातच बेकायदा असल्याने भरपाई मागता येणार नाही, असा निकाल लागला. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने ठरवले, की असे काम करणाऱ्यालाही राहिलेले पैसे मागण्याचा हक्क नाही. आणि २०१५ मध्ये, दिलेले पैसे ग्राहकाला परत मिळणार नाहीत, हेही स्पष्ट केले.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पगारपत्रकातही बेकारी विम्याची कपात दिसते. त्यामुळे अटी पूर्ण केल्यास भत्त्याचा हक्क त्यालाही आहे. नोकरी संपणार हे आधी कळले, तर तीन महिने अगोदर, आणि उशिरा कळले तर तीन दिवसांच्या आत रोजगार कार्यालयात काम शोधत असल्याची नोंद करावी लागते. भत्ता सुरू असताना दोन-चार तासांचे काम मिळाले, तर ते पहिल्या दिवसाआधीच कळवावे. कळवलेल्या कामात भत्ता थोडा कमी होतो. लपवलेले काम सापडले, तर जादा घेतलेला भत्ता परत द्यावा लागतो आणि वर दंड किंवा शिक्षाही होऊ शकते.