सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत : उत्तर बरोबर, तरी नकार का?

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत प्रश्न सुटले, प्रोग्रामही बरोबर लिहिला. तरीही नकाराचा ई-मेल आला. मग दोष नशिबाला किंवा महाविद्यालयाच्या नावाला दिला जातो. मात्र, या नकाराचे एक कारण मुलाखतीच्या रचनेतच असू शकते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

गूगलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा कोड्यांसाठी या कंपनीच्या मुलाखती एकेकाळी प्रसिद्ध होत्या. अशा कोड्यांतून उमेदवाराविषयी काहीच कळत नाही, अशी कबुली कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३मध्ये दिली. उमेदवाराच्या किती मुलाखती घ्याव्यात, याचाही कंपनीने अभ्यास केला. चार मुलाखतींनंतर निर्णयाच्या अचूकतेत फारशी भर पडत नाही, असे त्यात आढळले. सुमारे पाऊण तासाच्या या मुलाखतींमध्ये नवख्या अभियंत्याला प्रामुख्याने डेटा स्ट्रक्चर व अल्गोरिदम यांवरील प्रश्न विचारले जातात.

निर्णय नोंदींवरून

मुलाखत घेणारा अभियंता एकटा निवड करीत नाही, हे गूगलने रूढ केलेल्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. उमेदवार काय बोलला, कोठे अडला, सूचना मिळाल्यावर कसा सावरला, याच्या सविस्तर नोंदी तो लिहितो. त्या नोंदी निवड समितीपुढे जातात. समितीतील सदस्यांनी उमेदवाराची मुलाखत घेतलेली नसते. साहजिकच जे बोलले गेले नाही ते नोंदीत येत नाही आणि जे नोंदीत नाही त्याचा विचार समिती करू शकत नाही.

एक साधा प्रश्न पाहू. संख्यांची एक यादी दिली आहे. त्यातील ज्या दोन संख्यांची बेरीज १०० होते, त्या शोधायच्या आहेत. प्रत्येक संख्या इतर प्रत्येक संख्येशी जोडून पाहणे, हा सरळ मार्ग. परंतु यादीत १०,००० संख्या असतील, तर सुमारे पाच कोटी जोड्या तपासाव्या लागतील. दुसरा मार्ग असा, की वाचलेली प्रत्येक संख्या हॅश टेबलमध्ये ठेवायची आणि पुढची संख्या आली की १०० होण्यास उणी पडणारी संख्या तेथे आहे का, हे पाहायचे. मग यादी एकदाच वाचून काम भागते; मात्र जास्त मेमरी खर्ची पडते.

समजा, एका उमेदवाराने काहीही न बोलता दुसऱ्या मार्गाचा कोड लिहून दिला. उत्तर बरोबर आहे, परंतु ते सुचले की पाठ होते, हे परीक्षकाला कळत नाही. दुसऱ्याने आधी विचारले, ‘संख्या ऋण असू शकतात का? अशी जोडीच नसेल तर काय करायचे?’ त्यानंतर त्याने पहिला मार्ग सांगितला, तो संथ का आहे हे स्पष्ट केले आणि मग दुसऱ्याकडे वळला. लिहिताना त्याची एखादी चूक झाली, तरी त्याच्याविषयी लिहिण्यासारखे परीक्षकाजवळ बरेच असते. पुढे परीक्षक अट बदलतो. यादी चढत्या क्रमाने असेल तर? तेव्हा एक बोट पहिल्या आणि एक शेवटच्या संख्येवर ठेवून आत सरकत गेले, की जादा मेमरीही लागत नाही. पाठांतर बहुधा येथेच उघडे पडते.

पायऱ्यांचे गुण

दहावीच्या गणितात उत्तर चुकले तरी पायऱ्यांना गुण मिळतात, हे महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. येथेही पायऱ्यांनाच गुण आहेत. फरक इतकाच, की त्या मोठ्याने बोलून दाखवाव्या लागतात. आपल्याकडील तोंडी परीक्षेत उत्तर येते किंवा येत नाही, इतकाच प्रकार बहुधा असतो. त्यामुळे विचार चालू असताना बोलण्याची सवय लागत नाही. इंग्रजीच्या संकोचामुळे मराठी माध्यमातून आलेले अनेक विद्यार्थी अधिकच गप्प राहतात. वास्तविक येथे अलंकारिक भाषेची गरज नसते. ‘हा मार्ग संथ आहे, कारण...’ अशी छोटी वाक्ये पुरेशी होतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला आहे. तयार कोड आता काही क्षणांत मिळू शकतो. किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचे धोरण गूगलचे प्रमुख सुंदर पिचई यांनी २०२५मध्ये जाहीर केले.

तयारीसाठी महागड्या क्लासचीच आवश्यकता आहे, असे नाही. दोन मित्रांनी समोरासमोर बसावे. एकाने कोऱ्या कागदावर प्रश्न सोडवीत बोलत जावे. दुसऱ्याने जे ऐकू आले तेवढेच लिहावे. पाऊण तासानंतर ती नोंद दोघांनी वाचावी. निवड समितीच्या हाती काय पडेल, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो आणि पुढच्या वेळी कोठे बोलायला हवे, हेही कळते.