दोन दिवस मुंबईला, पण दवाखान्यासाठी नव्हे

तुमच्यापैकी किती जणांनी मुंबई पाहिली आहे? पुष्कळांनी पाहिली असेल. पण कशासाठी गेला होतात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : आजारी माणसाला घेऊन.

आमच्या घरीही तेच झाले. माझे थोरले बंधू मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस होते. वहिनी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. दादांनी एकदा विचारले, "समुद्र कोणत्या बाजूला आहे रे?" मी खिडकीकडे बोट दाखवले आणि औषधे आणायला गेलो. दादा पुन्हा घरी आले नाहीत. समुद्र त्यांनी पाहिला नाही आणि वहिनींनीही नाही.

हल्ली शहरातली मंडळी दोन दिवस हवापालट म्हणून आपल्या शेतावर येतात, हुरडा खातात, बैलगाडीत बसतात. मग आपण का जाऊ नये त्यांच्याकडे? गेल्या मार्गशीर्षात, हरभऱ्याला पहिले पाणी देऊन झाल्यावर, मी वहिनींना घेऊन निघालो. "गायीचे काय?" हे त्यांनी तीनदा विचारले.

शीव कोळीवाड्यात भाचीचे एका खोलीचे बिऱ्हाड आहे. 'शीव' या शब्दाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको. गावची शीव असते तशीच ही मुंबई बेटाची शीव. इंग्रजांनी तिचे 'सायन' केले. रेल्वे स्टेशनापासून थोड्या अंतरावर टेकडी आहे आणि तिच्यावर इंग्रज गव्हर्नर जेरॉल्ड ऑंजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, बांधलेला लहानसा किल्ला. पलीकडे साष्टीत पोर्तुगीज होते, १७३७ मध्ये तिथे मराठे आले. आपल्याकडे बांधावरून भांडणे होतात, इथे तोफा ठेवल्या होत्या! खाडी ओलांडायला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रस्ता नव्हता, त्या सुमारास कुर्ल्याकडे जाणारा बांधरस्ता पुरा झाला. किल्ल्याची पडझड झाली आहे, पण चढ सोपा आहे. वहिनी साठीच्या, गुडघे दुखरे, तरी न थांबता चढल्या.

कोळीवाडा नावाला कोळ्यांचा. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांची इथे वसाहत झाली, आणि जवळच्या हार्बर मार्गावरच्या स्टेशनाला आता गुरू तेग बहादूर नगर म्हणतात. बेसन-ओवा लावून तळलेली 'कोळंबी कोळीवाडा' याच वस्तीची. वहिनी माळकरी, त्यांनी भाचीच्या हातची भाकरीच खाल्ली. मी मात्र खाल्ली कोळंबी.

शेतकऱ्याने इथे आवर्जून पाहावे ते धारावीचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. शीवहून अगदी जवळ, मिठी नदीच्या काठी. सुमारे ३७ एकरांची ही जागा म्हणजे शहराचा कचरा टाकण्याचे मैदान होते. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले, आणि आज तिथे दाट रान आहे. ज्याची दोन एकर जमीन चोपण म्हणून पडून आहे, त्याने तिथे अर्धा तास नुसते उभे राहावे. कचऱ्याची जमीन आणि चोपण यांचे उपाय वेगळे, हे मी जाणतो. पण टाकलेली जमीन कायमची टाकलेली नसते, हे माझ्या व्याख्यानापेक्षा तिथली झाडे बरी सांगतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादरचा फूलबाजार. आपला झेंडू कुठे जातो ते वहिनींनी प्रथमच पाहिले. करंडीच्या तळची फुले दबून काळी पडलेली पाहून म्हणाल्या, "भावजी, आपणही अशीच कोंबून भरतो की!" गावच्या बैठकीत हे मी किती वेळा सांगितले असेल.

मग भायखळ्याचा राणीचा बाग, म्हणजे जिजामाता उद्यान. १८६२ पासूनचा हा बाग, प्राण्यांइकताच झाडांसाठी पाहावा. गोरखचिंचेच्या बुंध्याला कवेत घ्यायला चार माणसे लागतील. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बुधवारी दोन्ही बंद असतात, तेवढा वार टाळा. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, पण त्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागते. ती आम्हांला साधली नाही.

संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर गेलो. वहिनी चपला हातात घेऊन पाण्यात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दवाखान्यातून इथवर यायला किती वेळ लागला असता?"

"टॅक्सीने वीस मिनिटे," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

तुम्ही निघाल तर रब्बीची पेरणी आटोपून निघा, पांघरूण बरोबर घ्या आणि सकाळी नोकरदारांच्या गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढू नका. धारेचे काम शेजाऱ्याला आधी दोन दिवस आपल्यासमोर करायला लावा, म्हणजे जनावर बुजत नाही. आमच्या गायीने दोन दिवसांत मिळून अर्धा लिटर दूध कमी दिले. तिसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली.