इंग्लंडची ‘रक्तहीन’ राज्यक्रांती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनच्या लग्नात, १६६१च्या तहानुसार मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. या जोडप्याला मूल झाले नाही, म्हणून गादीचा हक्क चार्ल्सचा भाऊ जेम्स याच्याकडे गेला आणि तो कॅथलिक झालेला होता. त्यातून १६८८ साली जे घडले, त्याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : प्रॉटेस्टंट इंग्लंडने जेम्सला पहिल्या दिवसापासून नाकारले.
वस्तुस्थिती : त्याला वारसाहक्कातून वगळण्याचे विधेयक १६८० साली कॉमन्स सभेने मंजूर केले, पण लॉर्ड्स सभेने फेटाळले. १६८५ मध्ये तो निर्वेधपणे गादीवर आला. पार्लमेंटने त्याला भरघोस महसूलही मंजूर केला. त्याच वर्षी पुतण्या मॉन्मथने बंड केले, ते सेजमूरला चिरडले गेले. जेम्सचे वय ५१ होते आणि मेरी व ॲन या त्याच्या मुली प्रॉटेस्टंट होत्या. याच्यामागून गादी त्यांच्याकडेच जाणार, या हिशेबाने लोक थांबले होते.

गैरसमज : १० जून १६८८ला जन्मलेला राजपुत्र खोटा होता.
वस्तुस्थिती : या मुलामुळे तो हिशेब कोलमडला, कारण बहिणींच्या आधी हक्क त्याचा होता. मग आवई उठली की, अंथरूण उबदार करण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून कुणाचे तरी मूल राणीच्या खोलीत आणले गेले. प्रत्यक्षात जन्माच्या वेळी दालन माणसांनी भरलेले होते. ऑक्टोबरमध्ये राजाने चाळीसहून अधिक जणांच्या साक्षी नोंदवून घेतल्या. तरीही संशय हटला नाही. खुद्द ॲनलाही तो होता.

गैरसमज : हा निव्वळ धर्माचा लढा होता.
वस्तुस्थिती : मेरीचा नवरा, हॉलंडचा विल्यम, सात मातब्बर इंग्रजांच्या निमंत्रणावरून ५ नोव्हेंबरला टॉरबे येथे सैन्यासह उतरला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईविरुद्ध इंग्लंडचे बळ आपल्या बाजूला असावे, हा त्याचा मोठा हेतू होता. पुढे लुईविरुद्धच्या युद्धात कॅथलिक ऑस्ट्रिया आणि स्पेन त्याच्या बाजूने लढले.

गैरसमज : रक्ताचा थेंब न सांडता सत्तांतर झाले.
वस्तुस्थिती : इंग्लंडात चकमकी थोड्याच झाल्या आणि जेम्स फ्रान्सला पळाला. पण स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकी (१६८९), आयर्लंडमध्ये बॉइन (१६९०) आणि ऑक्रिम (१६९१) येथे घनघोर लढाया झाल्या. एकट्या ऑक्रिमला हजारो माणसे मेली. स्कॉटलंड-आयर्लंडचे रक्त हिशेबात धरले नाही, तरच ही क्रांती रक्तहीन ठरते.

गैरसमज : सर्वांना धर्मस्वातंत्र्य मिळाले.
वस्तुस्थिती : १६८९च्या सहिष्णुता कायद्याने सरकारी चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांना उपासनेची मुभा दिली, कॅथलिकांना वगळले. त्याच वर्षीच्या हक्कनाम्याने राजापेक्षा पार्लमेंटच्या कायद्याला वजन दिले, ही मोठी कमाई खरीच. पण त्याच कागदाने कॅथलिकांना, आणि कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्यांनाही, गादी बंद केली. १७०१च्या कायद्याने हक्क हॅनोव्हरच्या सोफियाकडे वळवला. म्हणून १७१४ मध्ये पन्नासहून अधिक जवळचे कॅथलिक नातलग डावलून तिचा मुलगा जॉर्ज राजा झाला.

लग्नाची अट २०१३च्या कायद्याने रद्द झाली. मात्र कॅथलिक व्यक्तीला ब्रिटनच्या गादीवर आजही बसता येत नाही.