‘ईआर’चा तो भाग आणि गरोदरपणातलं बीपी

काल अंबाजोगाईत मैत्रिणींसोबत ‘ईआर’ या अमेरिकन मालिकेचा १९९५ मधला ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा भाग पाहिला. वाद रंगला, त्यातले डॉ. ग्रीन दोषी आहेत का?

मला वाटतं, हो. त्यांनी लघवीचा संसर्ग समजून गरोदर बाईला घरी पाठवलं. तिला होता प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकादायक आजार. झटके आले. बाळ वाचलं, आई गेली.

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा जास्त, सततची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज, ही त्याची लक्षणं अंगावर काढू नका. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात.

पण आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासण्या हुकतात. बायांनो, निघण्याआधी बीपी आणि लघवी तपासून घ्या. त्रास झाला तर लगेच १०८ ला फोन करा.

काही शंका असेल तर खाली विचारा.